जुन्या रिमोट कारला प्रोग्रामवर चालवायचंय? बोर्ड घेण्याआधी मोटर मोजा

भाऊ, नमस्कार.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आठवीतल्या लेकीची जुनी रिमोट कार घरात पडून आहे. रिमोट हरवलाय, पण चाकं आणि मोटर शाबूत आहेत. लेकीनं यूट्यूबवर आर्डुइनोच्या, म्हणजे प्रोग्राम टाकता येणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाच्या, गाड्या पाहिल्या आणि आता हीच गाडी तिला स्वतःच्या प्रोग्रामवर चालवायची आहे. तुम्ही दारव्हा तालुक्यात पंपाचे स्टार्टर आणि मोटरी दुरुस्त करता, पण इलेक्ट्रॉनिक्समध्ये कधी हात घातलेला नाही. बजेट हजार-बाराशे. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या: बोर्ड कोणता घ्यावा, आणि मोटरच्या तारा सरळ बोर्डाला जोडल्या तर चालेल का.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण त्यातच पैसे वाया जातात. सरळ जोडायच्या नाहीत. आर्डुइनो उनो या नेहमीच्या बोर्डाच्या एका पिनमधून २० मिलीअँपिअर घेणं ठीक, ४० ही चिपची शेवटची हद्द. खेळण्यातली साधी मोटर जागेवरून सुटताना एक, दोन, कधी तीन अँपिअरही खेचते. म्हणजे हद्दीच्या पंचवीस पट आणि वर. पिन जळतो, आणि बरेचदा त्याच्याबरोबर अख्खी चिप जाते.

तुम्हाला हे समजवायला माझ्यापेक्षा तुमचंच काम जास्त उपयोगी आहे. स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की बटणातल्या करंटनं पंप फिरत नाही. तो करंट फक्त कॉइल ओढतो, आणि पंपाचा करंट कॉन्टॅक्टरमधून जातो. इथं बोर्ड म्हणजे बटण आणि मोटर ड्रायव्हर म्हणजे कॉन्टॅक्टर. गाडी पुढं-मागं न्यायची म्हणजे तुमचा फॉरवर्ड-रिव्हर्स स्टार्टरच: ड्रायव्हरमध्ये एका मोटरसाठी चार स्विच असतात, तिरप्या समोरासमोरची एक जोडी लागली की मोटर सुलटी फिरते, दुसरी लागली की उलटी. एकाच बाजूचे वरचा-खालचा स्विच एकदम लागले तर बॅटरी सरळ शॉर्ट. त्यासाठी तुम्ही इंटरलॉक लावता, तयार ड्रायव्हर चिपमध्ये तो आतच असतो. सुटे ट्रान्झिस्टर जोडून चार स्विचांचा हा पूल बनवायचा नाद पहिल्या प्रोजेक्टला करू नका, त्याचं कारण हेच.

म्हणून मी प्रश्न जरा फिरवून घेतो. बोर्ड कोणताही चालेल. खरा प्रश्न हा आहे की तुमच्या गाडीची मोटर किती करंट खाते, आणि तो करंट बोर्डाला धक्का न लावता कुठून आणायचा. माझ्याकडं दुरुस्तीच्या टेबलावर मुलं अशा गाड्या घेऊन येतात तेव्हा बिघाड प्रोग्राममध्ये क्वचितच असतो. बहुतेक वेळा ड्रायव्हर चुकीचा असतो किंवा सेल दमलेले असतात.

आता गाडी उघडा. खालचे सगळे पेच काढा, एखादा बॅटरीच्या खणात किंवा स्टिकरखाली लपलेला असतो. इथून पुढं बरंच काही तुमच्या गाडीवर अवलंबून आहे.

मागची चाकं फिरवणारी एक मोटर जवळजवळ सगळ्या गाड्यांत असते. फरक पुढं असतो. स्वस्त गाडीत पुढंही एक छोटी मोटर असते, ती चाकं पूर्ण डावीकडं किंवा पूर्ण उजवीकडं ढकलते, आणि करंट बंद झाला की स्प्रिंग त्यांना मध्ये आणते. काही गाड्यांत मोटरऐवजी नुसती तांब्याची कॉइल आणि चुंबक असतो. दोन्ही प्रकारांना दोनच तारा येतात, आणि दोन्हींत ‘थोडंसं वळ’ असं काही नसतं. महागड्या गाडीत तीन तारांचा सर्व्हो असतो, त्याला प्रोग्राममधून कोन सांगता येतो. पाच तारा दिसल्या तर तोही सर्व्होच, फक्त त्याचं डोकं गाडीच्या जुन्या बोर्डावर असतं, ते नव्यानं लावणं पहिल्या खेपेला जड जाईल. अगदी स्वस्त गाड्यांत पुढं काहीच नसतं, गाडी रिव्हर्स घेताना आपोआप एका बाजूला वळते. आणि जेसीबी, रणगाडा, किंवा उलट्यापालट्या होणाऱ्या स्टंट गाड्यांत डावीकडं एक आणि उजवीकडं एक मोटर असते. हा शेवटचा प्रकार शिकायला सगळ्यात सोपा. तुमची गाडी तशी निघाली तर अर्धं काम झालंच समजा.

गाडीचा जुना हिरवा बोर्ड वापरावा का, हा प्रश्न मला बऱ्याचदा येतो. त्यावर ड्रायव्हर असतोच, मग नवा कशाला? बऱ्याच स्वस्त गाड्यांत आरएक्स-२बी नावाची १६ पायांची रिसीव्हर चिप सापडते. पुढं, मागं, डावं, उजवं असे तिचे चार पाय ड्रायव्हरच्या ट्रान्झिस्टरांकडं जातात, आणि चिप काढून तिथं आर्डुइनोच्या तारा लावता येतात. पण अलीकडच्या गाड्यांत सगळं एकाच, नाव खरवडलेल्या चिपमध्ये असतं, आणि तिचा माग काढणं नवशिक्याचं काम नाही. शिवाय त्या बोर्डावरचे ट्रान्झिस्टर त्या गाडीपुरतेच, काटकसरीनं निवडलेले असतात. रिमोट चालू असता तर मी वेगळा सल्ला दिला असता: गाडीला हात न लावता रिमोटच्या बटणांवर पीसी८१७ ऑप्टोकपलर (आतल्या उजेडानं लागणारा छोटा स्विच) लावा आणि आर्डुइनोकडून बटणं ‘दाबून’ घ्या. ज्यांचा रिमोट शाबूत आहे त्यांनी हाच रस्ता धरावा, त्यात काही जळायची भीती जवळजवळ नाही. तुमचा रिमोट हरवलाय, तेव्हा जुना बोर्ड काढा आणि मोटरच्या तारा मोकळ्या करा. मोटरच्या दोन टोकांवर आडवा लावलेला छोटा चपटा कपॅसिटर दिसेल, त्यावर १०४ लिहिलेलं असतं. तो काढू नका. ब्रशच्या ठिणग्यांचा खरखराट तोच दाबतो. नसेल तर नवा लावा, रुपया-दोन रुपयांची वस्तू आहे.

आता मोजणी. तुमच्याकडं क्लॅम्प मीटर असणार, पण पंपाच्या कामाचा बहुतेक क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट दाखवतो. या गाडीत सगळं डीसी आहे, त्यावर तो शून्यच दाखवेल. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, लाल तार १० अँपिअरच्या भोकात घाला आणि मीटर मोटरच्या एका तारेत सिरीजमध्ये लावा. गाडी जितक्या सेलवर चालायची तितकेच चांगले सेल लावा. चाकं हवेत असताना जो करंट येतो तो लिहा. मग चाक हातानं घट्ट धरून एक सेकंदभरच करंट बघा, तोही लिहा. जास्त वेळ धरू नका, कारण अडवलेली मोटर तापते आणि बऱ्याच स्वस्त मीटरांच्या १० अँपिअरच्या भोकाला आत फ्यूजही नसतो. काम झालं की लाल तार लगेच व्होल्टच्या भोकात परत लावा, नाहीतर पुढच्या वेळी कुणीतरी तसंच बॅटरीला टेकवेल आणि शॉर्ट होईल.

सेल हाताशी नसतील तर मोटरचा रेझिस्टन्स मोजून अंदाज येतो. शाफ्ट थोडा थोडा फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी आकडा धरा. दोन्ही टोकं एकमेकांना लावल्यावर मीटर जे दाखवतो ते त्यातून वजा करा. समजा २ ओहम आले आणि सेल ६ व्होल्टचे आहेत, तर अडवलेल्या मोटरचा करंट ३ अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. वाइंडिंगचे ओहम बघायची तुमच्या हाताला सवय आहेच. लेकीला जवळ बसवा आणि भागाकार तिलाच करू द्या. पुस्तकातला ओहमचा नियम असा हातात आला की विसरत नाही.

अडवलेल्या मोटरचा हा आकडा ड्रायव्हर ठरवतो. यूट्यूबवर जवळजवळ सगळे लाल रंगाचा, वर काळा हीटसिंक असलेला एल२९८एन दाखवतात. तो मजबूत आहे, एका मोटरला २ अँपिअरपर्यंत देतो, मिळतोही सगळीकडं. पण तो जुन्या पद्धतीचा आहे. १ अँपिअर वाहताना तो स्वतःच २ ते ३ व्होल्ट खातो. चार सेलचे ६ व्होल्ट लावले तर मोटरपर्यंत जेमतेम ३-४ पोचतात. गाडी घरघरते, हलत नाही, आणि माणूस प्रोग्राम तपासत बसतो. खेळण्यातल्या ६ व्होल्टच्या मोटरला मी टीबी६६१२ हा छोटा मॉड्यूल सांगतो. तो १ अँपिअरला अर्धा व्होल्टच्या आसपास खातो, सलग १.२ अँपिअर आणि क्षणभर ३.२ अँपिअर देतो. त्याला एक एसटीबीवाय नावाचा पिन असतो, तो ५ व्होल्टला जोडला नाही तर मॉड्यूल झोपूनच राहतो. ‘नवाच मॉड्यूल खराब निघाला’ असं म्हणून मुलं परत आणतात त्यातल्या बऱ्याच केसेस या एका तारेच्या असतात.

तुमचा आकडा ३ अँपिअरच्या वर गेला, किंवा गाडी मोठी आहे आणि ७.२ व्होल्टच्या पॅकवर चालते, तर टीबी६६१२ घेऊ नका. तिथं जास्त अँपिअरचा ड्रायव्हर लागेल. एल२९३डी मात्र या कामाला घेऊच नका, त्याची सलग ताकद ६०० मिलीअँपिअरच आहे आणि तोही एल२९८एनसारखाच व्होल्टेज खातो.

पुढच्या वळणाच्या मोटरबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. ही मोटर वळताना शेवटच्या टोकाला जाऊन अडते आणि वळण असेपर्यंत अडलेलीच राहते. म्हणजे तुम्ही मघाशी चाक धरून जो मोठा करंट मोजला, तसा करंट ती पूर्ण वळणभर खेचते. रिमोटवर माणूस बटण दोन सेकंद दाबतो आणि सोडतो, म्हणून चालून जायचं. प्रोग्राममध्ये गाडी गोल गोल फिरवायची म्हटली तर मोटर आणि ड्रायव्हर दोन्ही तापतात. उपाय सोपा आहे: वळणाच्या सुरुवातीला पाव सेकंद पूर्ण जोर द्या, मग जोर निम्म्यावर आणा. चाकं जागेवर धरून ठेवायला तेवढा पुरतो. निम्म्यावर चाकं मध्ये सरकायला लागली तर थोडा वाढवा.

आता सेल. बाजारात मिळणारा ९ व्होल्टचा चौकोनी सेल मोटरसाठी कधीच घेऊ नका. तो रेडिओच्या कामाचा आहे, अँपिअर मागितला की बसतो. किराणा दुकानातले स्वस्त पेन्सिल सेल, म्हणजे झिंक-कार्बनवाले, घड्याळाला आणि रिमोटला चांगले. मोटर लावली की त्यांचं व्होल्टेज पडतं, आणि गाडीत विसरले तर पाझरून पत्र्या खातात. तुमच्या गाडीच्या खणात पांढरी-हिरवी पूड दिसली तर ती त्याचीच. पॉलिश पेपरनं पत्री चकचकीत होईपर्यंत घासा, नाहीतर तिथंच अर्धा व्होल्ट जातो. मी निकेल-मेटल हायड्राइडचे चार्ज होणारे पेन्सिल सेल सांगतो. एकेकाचं व्होल्टेज १.२ असतं, त्यामुळं पाच सेल म्हणजे ६ व्होल्ट. सुरुवातीचा खर्च जास्त वाटतो, पण मुलं गाडी तासन् तास चालवतात, तेव्हा महिनाभरात वसूल होतो.

१८६५० लिथियम सेलमध्ये ताकद भरपूर असते, हे खरं. पण जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल, ज्यांचा इतिहास माहीत नाही, ते लहान मुलाच्या हातात नको. पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, आणि ३ च्या खाली जाऊ द्यायचे नाहीत, हे सांभाळायला संरक्षण सर्किट लागतं. उन्हाळ्यात टिनाच्या छपराखालची खोली किती तापते ते तुम्हाला सांगायला नको. तिथं चार्जिंगला लावून बाहेर जाणं धोक्याचं आहे. पुढच्या प्रोजेक्टला जरूर वापरा, तोवर थांबा. आणि फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी घरात असेल, तिच्याकडं नजर जाईलच. ती नको. दोन-अडीच किलोचं वजन ही गाडी ओढणार नाही, १२ व्होल्टनं ६ व्होल्टची मोटर जळेल, आणि तारेचा शॉर्ट झाला तर ती बॅटरी तार लाल करते.

बोर्डाला करंट वेगळा द्या, मोटरला वेगळा. हे एवढं केलं तरी निम्म्या कटकटी टळतात. मोटर सुरू होताना सेलचं व्होल्टेज क्षणभर खाली बसतं. बोर्ड त्याच सेलवर असेल तर तो रीसेट होतो, प्रोग्राम पहिल्यापासून सुरू होतो, मोटर परत सुरू होते, परत रीसेट. गाडी झटके देत राहते आणि वाटतं की कोडमध्ये चूक आहे. सुरुवातीला बोर्ड मोबाइलच्या छोट्या पॉवर बँकेवर चालवा आणि मोटर सेलवर. फक्त एक तार विसरू नका: सेलचा मायनस, ड्रायव्हरचा ग्राउंड आणि बोर्डाचा ग्राउंड एकत्र जोडलेले हवेत. नाहीतर बोर्डानं पाठवलेला ५ व्होल्टचा इशारा ड्रायव्हरला कळतच नाही. काही पॉवर बँका करंट कमी खेचला जातोय असं पाहून आपोआप बंद होतात, आणि एकटा उनो फारच कमी खेचतो. तसं झालं तर पॉवर बँक बदला, बोर्डाला दोष देऊ नका. ड्रायव्हरच्या मोटर सप्लायवर ४७० मायक्रोफॅरडचा, १६ व्होल्टचा कपॅसिटर लावला तर झटके आणखी कमी होतात. प्लस-मायनस बघून लावा, उलटा लागला तर फुटतो.

तर आत्तापर्यंतचा क्रम असा झाला: गाडी उघडून मोटरी ओळखणं, करंट मोजणं, त्यावरून ड्रायव्हर, मग सेल. हे झाल्याशिवाय ड्रायव्हरच्या खरेदीला जाऊ नका. यवतमाळला किंवा नागपूरला सीताबर्डीवर गेलात तर दुकानदार तयार किट पुढं करेल, त्यात बहुतेक एल२९८एनच असतो.

बोर्ड: उनोची नक्कल, म्हणजे क्लोन, घ्या. तो ५ व्होल्टवर चालतो, दणकट आहे, आणि त्यावर शिकवणारं साहित्य सगळ्यात जास्त आहे, मराठीत आणि हिंदीतही. ईएसपी३२ या आणखी एका बोर्डात वाय-फाय आणि ब्लूटूथ आतच असतं आणि तो स्वतःचं वाय-फाय उभं करू शकतो, म्हणजे गावात इंटरनेट नसलं तरी मोबाइलवरून गाडी चालते. पण त्याचे पिन ३.३ व्होल्टचे आहेत, ५ व्होल्टची तार चुकून लागली तर पिन जातो. लेकीचा दुसरा बोर्ड म्हणून तो उत्तम. क्लोन घेतलात तर कॉम्प्युटरमध्ये त्यावरच्या सीएच३४० या यूएसबी चिपचं सॉफ्टवेअर टाकावं लागू शकतं (त्यालाही ‘ड्रायव्हर’च म्हणतात, मोटर ड्रायव्हरशी त्याचा संबंध नाही). आणि यूएसबी केबल डेटावाली घ्या. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेल्या काही केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच, बोर्डाचा दिवा लागतो पण कॉम्प्युटरला तो दिसत नाही.

कॉम्प्युटर घरी नसेल तर तालुक्याच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे का ते विचारा. नीती आयोगाची ही योजना २०१६ पासून आहे, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. लॅबमध्ये बोर्ड, सेन्सर, सोल्डरिंग सगळं असायला हवं, आणि कुणी वापरायला आलं तर शिक्षकांनाही हुरूप येतो. नेट बरं चालत असेल तर टिंकरकॅड सर्किट्स हे मोफत संकेतस्थळ बघा. तिथं उनो, एल२९३डी आणि मोटर पडद्यावर जोडून प्रोग्राम चालवून बघता येतो. खऱ्या गाडीला मी नको म्हटलेला एल२९३डी तिथं मात्र बिनधास्त वापरा, समजायला तो सोपा आहे.

प्रोग्राम एकदम पूर्ण लिहू नका. गाडी डब्यावर ठेवा, चाकं हवेत. पहिला प्रोग्राम फक्त बोर्डावरचा दिवा लुकलुकवण्याचा. तो चालला की ड्रायव्हर जोडा, पण मोटर नाही, ड्रायव्हरच्या आउटपुटवर मीटर लावून व्होल्टेज उलटसुलट होतं का बघा. मग मोटर. मग वेग. वेगासाठी अॅनालॉगराइट ही आज्ञा ० ते २५५ आकडा घेते. मोटर ० ला थांबते हे कळतं, पण ती किती आकड्याला जागेवरून हलते ते प्रत्येक गाडीत वेगळं असतं. लेकीला ते शोधून वहीत लिहू द्या: हवेत किती, फरशीवर किती, अंगणातल्या मातीत किती. प्रोग्राममध्ये सुलट्यावरून थेट उलट्यावर जाऊ नका, मध्ये पाव सेकंद थांबा घ्या. चालत्या मोटरला उलटं फिरवताना करंट अडवलेल्या मोटरपेक्षाही जास्त जातो.

पिन निवडताना वेगाच्या तारा ५ आणि ६ वर ठेवा. उनोमध्ये ३, ५, ६, ९, १० आणि ११ या सहा पिनांवर वेग बदलता येतो, पण सर्व्होची लायब्ररी (तयार लिहिलेला प्रोग्राम) वापरली की ९ आणि १० वरची ही सोय जाते, आणि टीव्हीच्या रिमोटची लायब्ररी वापरली की ३ आणि ११ वरची. ५ आणि ६ दोन्हींतून वाचतात.

टीव्हीचा रिमोट म्हणालो, कारण पहिलं नियंत्रण मी त्यानंच करायला लावतो. बंद पडलेल्या डिशचा किंवा जुन्या टीव्हीचा रिमोट प्रत्येक घरात असतो. ३८ किलोहर्ट्झचा तीन पायांचा इन्फ्रारेड रिसीव्हर अगदी स्वस्त मिळतो. कोणतं बटण कोणता आकडा पाठवतं ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसतं, मुलीला आपल्याच घरातली वस्तू बोलताना दिसते. मर्यादा एवढीच की बाहेर कडक उन्हात तो नीट चालत नाही, ऊनही इन्फ्रारेडनं भरलेलं असतं. खोलीत किंवा संध्याकाळी अंगणात ठीक. पुढं एचसी-०५ ब्लूटूथ मॉड्यूल लावा आणि अँड्रॉइड मोबाइलवरून चालवा. त्याची आत येणारी तार ३.३ व्होल्टची आहे, म्हणून बोर्डाकडून तिकडं जाताना १ किलोओहम आणि २ किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून ५ चे ३.३ करा. त्याच्या तारा ० आणि १ नंबरच्या पिनांवर ठेवू नका, त्या जागेवर असताना प्रोग्राम चढत नाही.

कोणतंही नियंत्रण असो, एक नियम पहिल्या दिवसापासून घाला: अर्धा सेकंद नवी आज्ञा आली नाही तर गाडी थांबली पाहिजे. रिमोटचा सेल संपला किंवा मोबाइलवर फोन आला तर गाडी विहिरीकडं पळत जायला नको. त्यासाठी डिले ऐवजी मिलिस वापरायला शिकवा. डिले म्हटलं की बोर्ड तेवढा वेळ काहीच ऐकत नाही. मिलिस म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासूनचं घड्याळ. शेवटची आज्ञा कधी आली ते लक्षात ठेवायचं आणि प्रत्येक फेरीत वजाबाकी करायची. आठवीच्या मुलीला हे जमतं, फक्त घाई करू नका.

शेवटी सेन्सर, म्हणजे भिंत दिसली की थांबणं. एचसी-एसआर०४ हा दोन डोळ्यांचा सेन्सर आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी यायला किती मायक्रोसेकंद लागले ते सांगतो. सगळीकडं लिहिलेलं असतं की त्याला ५८ नं भागा म्हणजे सेंटिमीटर मिळतील. हा ५८ सुमारे २० अंश तापमानाचा आहे, तेव्हा आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी ४५ अंशाला तो साधारण ३५८ मीटर जातो, आणि १०० सेंटिमीटरवरची भिंत ९६ च्या आसपास दिसते. डिसेंबरच्या पहाटे १० अंशाला तीच १०२ च्या आसपास दिसते. गाडी थांबवायला याचा फरक पडत नाही. पण भिंतीपासून एक मीटर टेपनं मोजून गाडी ठेवा, सकाळी आणि दुपारी आकडा घ्या, शेजारी थर्मामीटर ठेवा. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एवढ्यावर एक चांगला तक्ता उभा राहतो, आणि तो आपल्याच उन्हाळ्याचा असतो, कुठून उतरवलेला नसतो. आणखी एक करून बघा. कापूस घरात आला की गाडी त्या ढिगाकडं सोडा. मऊ कापूस आवाज शोषतो, प्रतिध्वनी येत नाही, आणि भिंतीपुढं शहाण्यासारखी थांबणारी गाडी कापसात शिरते. का, ते तिला आधी स्वतः शोधू द्या.

तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी या गाडीवर बसवून चालवायचा बेत मुलं दरवर्षी करतात, तुमच्याकडंही निघेल. कल्पना मला फार आवडते. पण सागवानी नंदी जड असतो, आणि आपण करंट मोजला तो रिकाम्या गाडीचा. थर्माकोलचा किंवा पुठ्ठ्याचा नंदी करा, नाहीतर नंदी बसवून करंट परत मोजा. मिरवणुकीआधी ब्रेडबोर्ड (नुसत्या तारा खोचून जोडणी करायची पट्टी) काढून तारा झीरो बोर्डावर, म्हणजे भोकं असलेल्या सोल्डरच्या पाटीवर, सोल्डर करा. ब्रेडबोर्डवरच्या तारा टेबलावर टिकतात, मातीच्या रस्त्यावर दहा पावलांत सुटतात.

तुम्ही मोटरचे ओहम, चाक धरल्यावरचा करंट, आणि गाडी किती सेलवर चालायची एवढं लिहून पाठवा. पुढच्या वळणाच्या जागेचा एक फोटोही. त्यावरून टीबी६६१२ चालेल की मोठा ड्रायव्हर लागेल ते सांगतो, तोपर्यंत ड्रायव्हर विकत घेऊ नका. बोर्ड, केबल आणि इन्फ्रारेड रिसीव्हर आणले तरी हरकत नाही, दिवा लुकलुकवण्याचं काम लेक आजच सुरू करू शकते.